परदेशातून घरी पोस्टकार्ड: पत्त्यापासून पेटीपर्यंत

गुहागर तालुक्यात माझ्या आत्याचं घर आहे. पडवीतल्या आरशाच्या लाकडी चौकटीत तिने चार पोस्टकार्डं खोचून ठेवली आहेत. त्यातलं सगळ्यात जुनं स्वित्झर्लंडमधल्या लुझर्नचं. पावसाच्या पाण्याने त्याचा एक कोपरा फुगलाय, शाई थोडी पसरलीय, पण तिकिटावरचा गोल शिक्का अजून स्पष्ट वाचता येतो. ते कार्ड पोचलं त्या दिवशी तिने मला फोन केला तो एवढंच सांगायला: "अगं, तुझं अक्षर आलं घरी."

त्या वाक्यानंतर मी परदेशात गेले की कार्ड पाठवल्याशिवाय परत आले नाही. चुकाही भरपूर झाल्या. चुकीचं तिकीट लावलं, चुकीच्या पेटीत टाकलं, पिनकोडच लिहायचा राहिला. पहिल्यांदाच कार्ड पाठवणार असाल तर खालच्या क्रमाने चला, म्हणजे त्या चुका तुमच्या वाट्याला येणार नाहीत.

निघायच्या आधी: पत्ते

खरं काम घरीच सुरू होतं. आपल्या मोबाइलमध्ये सगळ्यांचे नंबर असतात, पत्ते नसतात. मामाकडे शंभर वेळा गेलेलो असतो, पण त्याच्या सोसायटीचं नेमकं नाव आणि पिनकोड विचारला तर सांगता येत नाही. आणि त्यालाच विचारलं तर गंमत गेली. यावर माझा हमखास उपाय म्हणजे जुन्या लग्नपत्रिका आणि वास्तुशांतीची आमंत्रणं. घरात कुठल्यातरी कप्प्यात ती असतातच आणि त्यावर सगळ्यांचे पत्ते नीट छापलेले असतात. पिनकोड मात्र भारतीय टपाल खात्याच्या संकेतस्थळावर एकदा तपासून घ्या.

पहिल्या प्रवासात पाच पत्ते पुरे. वीस जणांची यादी केली की कार्ड लिहिणं म्हणजे गृहपाठ होतो आणि एकही कार्ड मनापासून लिहून होत नाही. हे पाच पत्ते रोमन लिपीत स्टिकरांवर छापून घेतले तर उत्तम. बसच्या प्रवासात, मांडीवर पुस्तक ठेवून लिहिताना त्यांचं मोल कळतं. स्टिकर नसतील तर वहीत लिहून न्या. मोबाइलची बॅटरी नेमकी पोस्टाच्या दारातच संपते.

सोबत साधी बॉलपेनं दोन घ्या. जेल पेन आणि शाईचं पेन घरी ठेवा. चकचकीत कार्डावर जेल वाळत नाही, आणि कार्ड जून ते सप्टेंबरमध्ये कोकणात किंवा मुंबईत पोचणार असेल तर ओलीने अक्षरं फुटतात. आत्याच्या त्या लुझर्नच्या कार्डावरची शाई पसरली ती यामुळेच. कार्डं दुमडू नयेत म्हणून एक पातळ प्लॅस्टिकची फाइल घेतली की तयारी झाली.

कार्ड निवडताना

स्टेशनवरचे स्टॉल, संग्रहालयांची दुकानं, जुन्या गावांतली पुस्तकांची दुकानं, अशा सगळीकडे कार्डं मिळतात. आपण स्वतः जे पाहिलं त्याचंच कार्ड घ्या. आयफेल टॉवर बसमधूनच दिसला आणि पाय दुखेपर्यंत फिरलो ते सेन नदीच्या काठाने, तर नदीचं कार्ड घ्या. लिहिताना काय लिहू असा प्रश्न पडत नाही.

आकार सांभाळा. नेहमीचं कार्ड १०×१५ सेंटिमीटरचं असतं. आंतरराष्ट्रीय टपालात पोस्टकार्ड किमान ९×१४ आणि कमाल १२×२३.५ सेंटिमीटर धरतात. गोल, लाकडी, झालर लावलेली कार्डं दिसायला सुंदर असतात, पण त्यांना पत्राचा किंवा त्याहून जास्त दर पडू शकतो. शेवटची एक गोष्ट बोटाने तपासायची: कार्डाच्या मागच्या बाजूवरून अंगठा फिरवा. गुळगुळीत लागली तर बॉलपेनही घसरतं, जरा खरखरीत लागली तर घ्या.

तिकीट: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी तिकिटं घ्या आणि जितकी कार्डं तितकीच घ्या. पोस्टात मिळतात हे उघड आहे, पण पोस्ट शनिवारी दुपारी आणि रविवारी बहुतेक ठिकाणी बंद, आणि ग्रुप टूरच्या कार्यक्रमात पोस्ट कधीच नसतं. फ्रान्समध्ये तंबाखूच्या दुकानात (त्यांच्या भाषेत 'ताबा') मिळतात. इटलीत दारावर मोठं 'टी' अक्षर असलेल्या तंबाखूच्या दुकानात मिळतात. जपानमध्ये चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानांतही तिकिटं ठेवतात.

तिकिटाला इटलीत 'फ्रांकोबोल्लो', जर्मनीत 'ब्रीफमार्के', फ्रान्समध्ये 'तँब्र', स्पेनमध्ये 'सेयो', जपानमध्ये 'कित्ते' म्हणतात. हा एक शब्द, हातातलं कार्ड आणि 'इंडिया' एवढ्यावर काम होतं. मात्र 'इंडिया' म्हणायला विसरू नका. दुकानदाराला सवय असते ती युरोपातल्या पर्यटकांची, म्हणून तो सवयीने युरोपचं तिकीट काढून देतो. इटलीत हा फरक 'झोना १' आणि 'झोना २' असा आहे. आशिया दोनमध्ये येतो आणि त्याचं तिकीट महाग असतं. जर्मनीत दर सोपा आहे: २०२५ पासून परदेशी पोस्टकार्डाला १.२५ युरो, देश कुठलाही असो. जपानमधून विमानाने जाणाऱ्या कार्डाला १०० येन, तोही सगळ्या जगासाठी एकच. दर सारखे वाढत असतात, म्हणून जायच्या आधी त्या देशाच्या टपाल खात्याच्या संकेतस्थळावर नजर टाका. अमेरिकेत 'ग्लोबल फॉरेव्हर' नावाचं गोल तिकीट मिळतं. त्यावर किंमत छापलेली नसते आणि दर वाढला तरी ते चालतं. उरलेलं पुढच्या वेळेसाठी पाकिटात ठेवता येतं.

आता माझी चूक. म्युनिकला पाच तिकिटं घेतली, बसमध्ये बसून पाचही कार्डं लिहिली आणि ती ऑस्ट्रियात पोचल्यावर हॉटेलशेजारच्या पिवळ्या पेटीत टाकली. दोन्ही देशांत चलन एकच, पेटीचा रंगही एकच, त्यामुळे मनात शंकाही आली नाही. एकही कार्ड घरी आलं नाही. चलन एक झालं तरी टपाल ज्या त्या देशाचं वेगळंच आहे. ज्या देशाचं तिकीट, त्याच देशाची पेटी. सात-आठ दिवसांत पाच देश करणाऱ्या टूरवर हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. याचं सगळ्यात लहान उदाहरण रोममध्येच आहे. व्हॅटिकनचं टपाल वेगळं आहे. सेंट पीटर्सच्या चौकात घेतलेलं तिकीट व्हॅटिकनच्याच पेटीत टाकायचं. तिथून चालत नदीपलीकडे गेलात की ते तिकीट चालत नाही.

इटलीतल्या पर्यटकांच्या शहरांत आणखी एक सापळा आहे. काही दुकानांत खाजगी कंपन्यांची तिकिटं मिळतात. ती सरकारी पेटीत चालत नाहीत, त्या कंपनीच्या ठरावीक पेट्यांतच टाकावी लागतात. तिकिटावर 'इतालिया' छापलंय का ते घेतानाच बघा.

तिकीट आधी चिकटवा, मग लिहा. हे कुणी सांगत नाही, पण फार उपयोगाचं आहे. कधीकधी एका मोठ्या किमतीच्या तिकिटाऐवजी तीन-चार छोटी मिळतात आणि लिहून झालेल्या मजकुरावर ती लावायची वेळ येते. उजव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. पावसाच्या भीतीने तिकिटावर पारदर्शक टेप मात्र कधीच लावू नका. शिक्क्याची शाई टेपवर बसत नाही आणि बऱ्याच ठिकाणी असं तिकीट बाद धरतात.

मायना आणि मजकूर

कार्डाची मागची बाजू मधोमध विभागलेली असते. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. म्हणजे आपल्याला मिळते ती हाताच्या तळव्याएवढी जागा. इथे आपल्या जुन्या पत्रलेखनाची थोरवी कळते. शाळेत मार्कांसाठी पाठ केलेला मायना या जागेसाठीच घडवल्यासारखा आहे. 'ती. आत्यास सा. न. वि. वि.' एवढ्यात आदर, नातं आणि नमस्कार सगळं बसतं. बरोबरीच्याला 'स. न. वि. वि.', लहानाला 'चि. … यास अनेक आशीर्वाद', शेवटी 'कळावे, लोभ असावा'. आजी-आजोबांच्या पिढीला ही अक्षरं दिसली की त्या कार्डाचा दर्जाच बदलतो. मी तरी मोठ्यांना लिहिताना मायना सोडत नाही.

मराठीत लिहा, देवनागरीत. मजकूर कुठल्या भाषेत आहे याच्याशी परदेशातल्या पोस्टाला काही घेणं नसतं.

कोपऱ्यात गावाचं नाव, वार आणि वेळ लिहा. मग एकच गोष्ट लिहा. आज काय काय पाहिलं याची जंत्री फोनवर सांगून झालेली असते. कार्डावर लिहायचं ते समोर घडत असलेलं आणि ज्याला लिहितोय त्याच्याशी जोडलेलं. आत्याच्या आरशातल्या कार्डावर हे आहे:

"ती. आत्यास सा. न. वि. वि. इथल्या नदीवरच्या लाकडी पुलावर उभी राहून लिहितेय. पुलाला वर छप्पर आहे, आपल्या पडवीसारखं, आणि आढ्याखाली ओळीने तिकोनी चित्रं लावलीयत. खाली पाण्यात हंस आहेत. आत्ताच एका हंसाने एका मुलाच्या हातातला पाव हिसकावून नेला. तुझ्या तांबड्या कोंबड्याची आठवण झाली. कळावे."

एवढंच. आत्याने तो पूल कधी पाहिला नाही, पण पडवी आणि कोंबडा तिचा आहे. पोस्टमननेही ते वाचलं होतं. "तुमच्या भाचीने कोंबड्याची आठवण काढलीय," असं सांगूनच त्याने कार्ड हातात दिलं. उघडं कार्ड वाटेत चार जण वाचणार हे गृहीत धरा आणि त्यांनी वाचलं तरी चालेल तेच लिहा. घर बंद आहे, किल्ली शेजारी ठेवलीय, अमक्या तारखेला परत येतोय, हे कार्डावर लिहायचं नाही.

एक जुनी गोष्ट तरुण मंडळींना माहीत नसते. आपल्याकडे मरणाची बातमी कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडायची रीत होती. ते कार्ड घरात न ठेवता वाचून लगेच फाडून टाकत. त्यामुळे बॅगेत कोपरा फाटलेलं कार्ड वयस्क माणसाला पाठवू नका. दुसरं घ्या. पोस्टमनच्या हातात फाटक्या कोपऱ्याचं कार्ड बघून पोटात गोळा येणारी माणसं अजून आहेत.

लहान मुलांना आवर्जून लिहा. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या नावाने आलेलं ते बहुधा आयुष्यातलं पहिलं टपाल असतं. त्याला मजकूर कमी, चित्र जास्त. माझ्या भाच्याला मी कार्डावर ट्रेनच्या डब्याचं चित्र काढून त्यात माझी खिडकी दाखवली होती. नाव मात्र पूर्ण लिहा, 'कुमार' लावून, वडिलांचं नाव आणि आडनावासकट. ते कार्ड आपलंच आहे हे त्याला पत्त्यावरूनच कळायला हवं.

पत्ता

मजकूर मराठीत, पत्ता रोमनमध्ये. क्रम असा: नाव, घर किंवा सोसायटी आणि वाडी किंवा रस्ता, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड, आणि सगळ्यात खाली, एकट्या ओळीत, मोठ्या रोमन अक्षरांत 'इंडिया'. परदेशातल्या पोस्टाला फक्त ही शेवटची ओळ वाचायची असते. ती ओळ चुकली तर वरचं सगळं वाया.

एकदा कार्ड भारतात आलं की सगळं काम पिनकोड करतो. एकाच नावाची गावं आपल्याकडे किती! वडगाव, पिंपळगाव, शिरगाव, जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. हाच घोळ सोडवण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला, आणि ही पद्धत आखली ती श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. ते संस्कृतचे कवी होते, मूळचे वेळणेश्वरचे, म्हणजे माझ्या आत्याच्याच तालुक्यातले. सहा आकड्यांतला पहिला विभाग सांगतो. महाराष्ट्र आणि गोव्याचा ४. पहिले तीन मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा कळतो आणि शेवटचे तीन थेट पोस्ट ऑफिसपर्यंत नेतात. परदेशात १ आणि ७ वेगळ्या पद्धतीने काढतात, पण पिनकोड वाचणारा माणूस आपला आहे, तेव्हा आपल्या सवयीचेच इंग्रजी आकडे सुटे सुटे आणि ठळक काढा.

पत्त्याखाली, कार्डाच्या तळाशी दोन सेंटिमीटर जागा कोरी सोडा. बऱ्याच देशांत टपाल वेगळं करणारी यंत्रं तिथे रेघोट्या छापतात. बर्लिनहून मी पाठवलेल्या कार्डावर 'लोभ असावा' या शब्दांवरूनच नारिंगी रेघांची रांग गेली होती.

वरच्या डाव्या बाजूला 'एअर मेल' किंवा फ्रेंचमध्ये 'पार आव्हियाँ' लिहा, नाहीतर पोस्टातून निळी पट्टी मागून घ्या. फ्रेंच का, तर १८७४ मध्ये बर्नला स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाची अधिकृत भाषा फ्रेंच आहे. आपला देश त्यात १८७६ पासून आहे. बऱ्याच देशांतून आता कार्ड तसंही विमानानेच जातं, पण दोन शब्दांनी नुकसान काही होत नाही. स्वतःचा पत्ता मात्र कार्डावर लिहू नका. यंत्राने तोच पत्ता वाचला तर कार्ड फिरून हॉटेलवर येतं.

पेटीत टाकताना

जपान, ब्रिटन, इटलीत पेटी लाल. जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, स्पेनमध्ये पिवळी. अमेरिकेत निळी, आयर्लंड आणि चीनमध्ये हिरवी, नेदरलँड्समध्ये नारिंगी. पेटीला दोन तोंडं असली तर थांबून वाचा. इटलीत एक तोंड त्या शहरासाठी आणि दुसरं 'इतर सर्व ठिकाणां'साठी असतं. आपलं दुसरं. जपानमध्ये परदेशी टपाल उजवीकडच्या तोंडात टाकायचं.

डेन्मार्कला जाणार असाल तर तिथे लाल पेटी शोधत फिरू नका. तिथल्या टपाल कंपनीने २०२५ च्या अखेरीस पत्रं वाटणं बंद केलं आणि पेट्याही काढल्या. स्कँडिनेव्हियाच्या टूरवर असाल तर कार्डं स्वीडन किंवा नॉर्वेतून टाका, अर्थात त्या देशाची तिकिटं लावून.

हॉटेलच्या काउंटरवर कार्ड आणि पैसे देऊन निघणं टाळा. मी एकदा तसं दिलं आणि ती कार्डं कधीच पोचली नाहीत. तिकीट स्वतः लावा, पेटीत स्वतः टाका. विमानतळावर टाकू म्हणून शेवटपर्यंत थांबू नका, सुरक्षा तपासणीनंतर पेटी असेलच याचा भरवसा नाही. स्वित्झर्लंडच्या टूरवर युंगफ्राउयोखला जाणारच असाल तर तिकीट लावलेलं कार्ड सोबत न्या. ३,४५४ मीटरवरच्या त्या स्टेशनात पोस्टाची पेटी आहे.

वेळ असेल तर पेटीऐवजी पोस्टाच्या खिडकीशी जा आणि शिक्का हाताने मारून मागा. यंत्राचा शिक्का पुसट येतो, हाताचा गोल आणि ठसठशीत. जपानमध्ये तर अनेक पोस्ट ऑफिसांत 'फूकेइ-इन' नावाचा खास शिक्का असतो, त्या गावातला डोंगर, देऊळ किंवा फूल कोरलेला, तांबूस तपकिरी शाईचा. मागितला तरच मिळतो. खिडकीतला माणूस दोन्ही हातांनी शिक्का धरून, तिकिटाची कड बघून, सावकाश दाबतो आणि शाई वाळेपर्यंत कार्ड कुणाला हात लावू देत नाही. भूतानला गेलात तर थिंफूच्या मुख्य पोस्टात स्वतःच्या फोटोचं तिकीट छापून मिळतं आणि ते कार्डावर लावून पाठवताही येतं. आजीला नातवंडांच्या चेहऱ्याचं तिकीट लावलेलं कार्ड पाठवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

पेटीत टाकण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. कार्ड हरवलं तर मजकूर तरी राहतो.

पोचेपर्यंत

माझी युरोपातून आलेली कार्डं साधारण दोन ते चार आठवड्यांत पोचली, एखादं दीड महिन्यानेही. म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही आधी घरी येता आणि कार्ड मागून. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दिवाळीला पोचायला हवं असेल तर निदान महिनाभर आधी टाका. साध्या कार्डाचा माग काढता येत नाही, तेव्हा पाठवलंय हे कुणाला सांगूही नका.

शहरातल्या सोसायट्यांमध्ये मात्र एक अडचण आहे. जिन्याखालच्या पत्रपेट्या आता कुणी उघडत नाही. किल्ली हरवलेली असते, पेटी पिझ्झाच्या आणि क्लासच्या जाहिरातींनी भरलेली असते आणि त्यांच्या तळाशी आपलं कार्ड महिनोन्‌महिने पडून राहतं. माझ्या मामेबहिणीला क्योटोचं कार्ड असंच पाच महिन्यांनी सापडलं, सोसायटीत रंगकाम निघालं तेव्हा. तेव्हापासून कार्ड टाकून तीन आठवडे झाले की मी फोन करते, इकडचं तिकडचं बोलते आणि मध्येच विचारते, "वीजबिल आलंय का गं? खाली पेटीत बघ ना एकदा."